लाल दोऱ्याचं खरबूज

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा त्याच्या एका हातात चष्मा होता आणि दुसऱ्या हातात त्याच चष्म्याची दांडी. आत येताना तो काचेच्या दाराला धडकला आणि दाराची माफी मागून मोकळा झाला.

मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करते. भिंगं घासते, फ्रेममध्ये बसवते, आणि मालक जेवायला गेले की डोळेही तपासते. त्या दिवशी मालक जेवायला गेले होते. नशीब माझं, असं आज म्हणते. तेव्हा मात्र नुकताच डबा उघडला होता, त्यामुळे मनातल्या मनात चरफडत बाहेर आले.

"काय झालं?"

"बसलो त्याच्यावर."

"चष्म्यावर?"

"हो ना… चष्मा डोळ्यावर नव्हता, त्यामुळे खुर्चीवर आहे ते दिसलं नाही."

हे त्यानं इतक्या गंभीरपणे सांगितलं की मला हसू आवरेना. तो जवळच्याच शाळेत गणित शिकवायचा. मी त्याचे डोळे तपासले, नवा नंबर काढला, चार दिवसांनी चष्मा तयार करून दिला. तो मला डॉक्टर म्हणू लागला. मी डॉक्टर नाही म्हटलं, तर म्हणाला, "तुम्ही अक्षरं दाखवलीत, मी वाचली, तुम्ही कागदावर न कळणारं काहीतरी लिहिलंत. डॉक्टर अजून वेगळं काय करतात?"

मग मीही त्याला मास्तर म्हणायला लागले. फिट्टंफाट.

चष्म्याचा स्क्रू सैल व्हायला साधारण वर्ष लागतं. मास्तरांचा स्क्रू दर मंगळवारी सैल व्हायचा. तिसऱ्या मंगळवारी मालकांनी मला बाजूला घेऊन विचारलं की या माणसाचा नक्की कुठला स्क्रू ढिला आहे, ते एकदा नीट बघून घे. मी कान लाल होईपर्यंत भिंग पुसत राहिले. तोपर्यंत मास्तर बाहेरच्या बाकावर बसून मुलांच्या वह्या तपासायचा, तेही निळ्या पेन्सिलीनं. लाल पेन का नाही, असं मी विचारलं तेव्हा म्हणाला, लाल शाईला मुलं घाबरतात. किती कोवळ्या मनाचा माणूस, असं वाटून मी ते घरी ताईलाही सांगितलं. ताई एवढंच म्हणाली, "बरं, बरं… कळलं."

पाच महिने असे गेले. आम्ही मित्र झालो होतो. त्याच्या पुढचा शब्द कुणीच काढत नव्हतं.

आणि मग मला पत्र आलं. समुद्रापलीकडे भिंगांचा एक मोठा कारखाना होता. तिथं एक वर्ष काम शिकायचं, आवडलं तर तिथंच नोकरी. निघायला साडेतीन महिने होते. अशी संधी माझ्यासारखीला दोनदा मिळत नाही, हे मला कळत होतं. पण हेही कळत होतं की कुणा एकानं 'जाऊ नको' म्हणावं अशी माझी फार इच्छा आहे. म्हटल्यावर मी थांबले असते का, ते सांगता येत नाही. मला फक्त ते ऐकायचं होतं.

नेमका त्याच आठवड्यात मास्तर म्हणाला, "चष्म्याचे आभार मानायचे राहिलेत. रविवारी जेवायला जाऊ या. मळ्यावरचं हॉटेल आहे, सकाळी उपटलेलं दुपारी ताटात." मी ठरवलं, तिथंच सांगायचं.

हॉटेल म्हणजे गावाबाहेरच्या मळ्यात पत्र्याखाली मांडलेलं एक लांब टेबल. मळा एका काकूंचा होता. लागवड त्यांची, स्वयंपाक त्यांचा आणि दरारा तर त्यांचाच. त्या-त्या दिवशी मळ्यात काय तयार आहे ते त्या पाटीवर खडूनं लिहीत, आणि ज्याला जे हवं ते त्यातून मागवायचं. जेवणाच्या शेवटी खरबूज, पण ते पाहुण्यानं स्वतः वेलावरून आणायचं. बसता बसताच काकूंनी नियम सांगून टाकला. देठाला हिरवा दोरा असेल ते खुशाल तोडा; लाल दोरा असेल त्याला हात लावायचा नाही, ते बियाण्यासाठी ठेवलंय. आम्ही दोघांनी माना डोलावल्या, वर्गात लक्ष नसलेली पोरं डोलावतात तशा.

आधी भोपळ्याचं गरम सूप आलं, मग भाजलेला पाव, लोणी लावलेल्या कोवळ्या शेंगा, आणि नुसतं मीठ भुरभुरलेले टोमॅटो. मास्तर प्रत्येक टोमॅटो आधी हुंगायचा, मग तोंडात टाकायचा.

"हा पिकलाय का हो?" त्यानं एक माझ्यासमोर धरला.

"दिसत नाही का? नवा चष्मा मीच दिलाय."

"म्हणून तर तुम्हाला विचारतोय," तो म्हणाला आणि माझ्याकडे असा बघत राहिला की मला पाण्याचा ग्लास सापडेना. समोरच होता.

खरबूज आणायला तो एकटाच गेला. बराच वेळ आला नाही. मी मनात वाक्यं जुळवत होते… एक पत्र आलंय… एक गंमत सांगू का… तेवढ्यात तो आला. गुडघ्यापर्यंत चिखल आणि दोन्ही हातांत खरबूज, तान्हं बाळ धरावं तसं. म्हणाला, सगळा मळा हुंगून आलो. पार कुंपणापाशी एकटाच वेल होता, त्याला हे एकच लागलेलं. जरा ओढावं लागलं, पण याच्यासारखा वास दुसऱ्या कशालाच नाही. दोरा त्यानं सोडवून खिशात टाकला होता. काकू रश्शाच्या पातेल्यात गुंतलेल्या. त्यांनी वर न बघता फळ चिरलं, आतला गर आणि बिया कोंबड्यांच्या बादलीत खरवडल्या आणि फोडी आमच्या पुढ्यात ठेवल्या.

पहिली फोड खाल्ली आणि मी बोलायचंच विसरले. आजवर खरबूज म्हणून जे खाल्लं ते दुसरंच काहीतरी असावं. गोड तर होतंच, पण गिळून झाल्यावरही वास श्वासात राहत होता. आम्ही सालीपर्यंत खात राहिलो. फोडींना चिकटून आलेल्या थोड्या बिया होत्या. मास्तरनं त्या दोन्ही ताटल्यांतून वेचल्या आणि सवयीनं टेबलावर मांडल्या. नऊ होत्या. तीन-तीनच्या तीन रांगा.

"मास्तर, मला तुम्हाला एक सांगायचंय," मी म्हटलं.

आणि काकू टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. त्या आत्ताच कुंपणापाशी जाऊन आल्या होत्या.

"लाल दोऱ्याचं कुणी तोडलं?"

मास्तर गोंधळून म्हणाला, "लाल? नाही काकू, आम्ही हिरव्याचंच…" आणि त्यानं खिशातून दोरा काढून टेबलावर ठेवला. दोरा लालभडक होता.

मी दोऱ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तो दोऱ्याकडे बघतच नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर, पकडलं गेल्यावर शाळेतल्या पोराचा होतो तसा भाव होता. आणि एका क्षणात मला सगळं लख्ख कळलं. निळी पेन्सिल, हुंगलेले टोमॅटो, आज येताना सिग्नलला दुसरे चालायला लागल्याशिवाय त्याचं न निघणं. पाच महिन्यांपूर्वी याचे डोळे मीच तपासले होते. अक्षरं वाचून घेतली, रंग काही विचारले नाहीत. वेळ वाचावा म्हणून आमच्या दुकानात ती तपासणी कधीच बंद झाली होती, आणि मला भूक लागली होती.

"काकू, माझ्यामुळे झालं," मी पटकन म्हटलं. "मीच तोडलं."

"त्या खोटं बोलतायत," मास्तर म्हणाला. "त्या इथून उठल्याही नाहीत. मी तोडलं. मला… लाल आणि हिरवा सारखेच दिसतात."

हे त्यानं आईशिवाय आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, हे मला नंतर समजलं.

काकू धपकन बाकावर बसल्या. त्यांचा राग मी सोसला असता, पण त्या रागावल्याच नाहीत. म्हणाल्या, सासूबाईंनी मला बोलणी सोडून दुसरं एकच दिलं, हे बी. बत्तीस वर्षं धरून ठेवलंय. गेल्या वर्षी गारांनी सगळं झोडपलं, यंदा या जातीचा हा एकच वेल जगला. खायला पिकलं होतं, बी पिकायला अजून आठ दिवस हवे होते. मग त्यांनी कोंबड्यांच्या बादलीकडे नजर टाकली. कोंबड्यांनी ती चकाचक केली होती.

"काकू," मास्तर हळूच म्हणाला, "या नऊ आहेत."

काकूंनी त्या तीन रांगा बघितल्या. एकेक बी चिमटीत दाबून पाहिली. कच्च्या आहेत, म्हणाल्या. वर्षभर ठेवल्या तर मरतील. आत्ताच लावायला हव्यात, पुढचे तीन महिने ऊब आहे तेवढ्यात फळ येईल. "मला एकटीला हे होणार नाही. एक म्हणतो मी तोडलं, दुसरी म्हणते मी. म्हणजे दोघांनी तोडलं. दोघंही दर रविवारी यायचं."

ही शिक्षा होती. आज वाटतं, एवढ्या प्रेमानं मला कुणीच काही दिलं नसेल.

परतताना बसथांब्यावर तो सांगत राहिला. लहानपणी त्यानं चित्रात झाडांची पानं तपकिरी रंगवली आणि वर्ग वर्षभर हसला. तेव्हापासून त्यानं रंगांबद्दल बोलणंच सोडलं. मी म्हटलं, चूक माझी आहे, मी तपासायला हवं होतं. तो म्हणाला, मी तुम्हाला कळू दिलं नसतं. मग मी पत्राचं सांगितलं.

"अरे वा," तो म्हणाला.

बस दिसायला लागली. तेव्हा म्हणाला, "छान आहे."

बस्स, एवढंच. मी खिडकीपाशी बसून घर येईपर्यंत त्या दोन शब्दांवर चिडत राहिले.

नऊपैकी चार बिया उगवल्या. एक रोप गोगलगायीनं संपवलं, एक नुसतंच मान टाकून गेलं. तिसऱ्यावर मी पाय देणार होते, तेवढ्यात मास्तर ओरडला, "अगं, थांब!" मी थांबले. रोप वाचलं. दोघंही मग एकमेकांकडे बघत उभे राहिलो, कारण तोवर आमचं सगळं 'अहो-जाहो' होतं.

"चुकून निघालं," तो म्हणाला.

"राहू दे," मी म्हटलं. "पुन्हा आत घालू नकोस."

ते रोपही पुढं फळ न धरताच वाळलं. राहिला एक वेल. आम्ही दर रविवारी त्याच्याभोवती दोन डॉक्टरांसारखे वाकून बसायचो. तण काढायचो, पाणी घालायचो, आणि मग काकू जे वाढतील ते जेवायचो. मी एकदा दुकानाच्या कपाटातलं ठिपक्यांचं जुनं पुस्तक घेऊन गेले, रंगीत ठिपक्यांत आकडे लपलेले असतात ते. पावसाची सर पडून गेली होती, अवजारांच्या शेडमध्ये दोघंच होतो, पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं. त्यानं सगळी पानं उलटली आणि म्हणाला, "गणिताचा मास्तर आहे मी, आणि यात एकही आकडा नाही."

"मग मी कशी दिसते तुला?" हे मी विचारायला नको होतं. पण विचारलं.

"तुझा तो हिरवा ड्रेस छान आहे."

"तो तपकिरी आहे."

"बघ." तो हसला. "निळं मात्र मला नीट दिसतं. तुझा तो निळा स्कार्फ आहे ना… तू रस्त्यापलीकडे असलीस तरी दिसतेस. गर्दी असली तर त्यात तेवढंच दिसतं."

पाणी ठिबकत राहिलं. आता बोलेल, असं मला वाटलं. तो पुस्तक मिटून पाणी थांबलं का बघायला बाहेर गेला.

त्याच दिवशी लक्षात आलं, काकूंनी मळ्यातले सगळे लाल दोरे काढून निळे बांधले होते, वर दोन-दोन गाठी मारल्या होत्या. बियाण्याचं म्हणजे निळा दोरा, दोन गाठी. बघून नाही कळलं तर बोटांना कळेल. याबद्दल त्या आम्हाला एका शब्दानंही काही बोलल्या नाहीत. मास्तर त्या दोऱ्यावरून कितीतरी वेळ बोट फिरवत बसला होता.

वेलाला एक फळ धरलं. ते मोठं होत गेलं, आणि माझे दिवस कमी होत गेले. माझं विमान गुरुवारचं होतं. त्याआधीच्या शेवटच्या रविवारी आम्ही कुंपणापाशी बसलो होतो. फळाचा वास लांबूनच येत होता. मी हात पुढं केला, तर त्यानं माझं मनगट धरलं.

"ओढू नको. पूर्ण पिकलं की ते आपणहून सुटतं. सगळ्यांना रंगावरून वेळ कळते, मला कळत नाही. एकदा मी ओढलं, आणि काय झालं ते तू बघितलंस. म्हणून आता थांबतो."

"किती थांबणार?"

"तीन महिने झाले," तो म्हणाला. त्यानं मनगट अजून सोडलं नव्हतं.

तो खरबुजाबद्दल बोलत नव्हता, हे कळायला मला जरा वेळच लागला.

"मास्तर, गुरुवारी विमान आहे माझं."

"माहीत आहे. मी 'जाऊ नको' म्हटलं असतं, तर ते ओढणंच झालं असतं ना? आणि तू राहिलीही असतीस कदाचित… कच्ची. मग आयुष्यभर त्या कारखान्याकडे बघत बसली असतीस. मला ते नको होतं."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. म्हटलं, "आणि मी तीन महिने वाट बघत होते की हा माणूस कधीतरी ओढेल म्हणून. ऐक. मला तू आवडतोस. पहिल्या दिवशी तू दाराची माफी मागितलीस ना, तेव्हापासून. हे मी माझं मी सांगतेय. कुणी ओढलेलं नाही."

त्याचा चष्मा धुकटला. तो काढून पुसायचं सोडून त्यानं खाली बघत फळाखाली तळहात सरकवला, जरासं उचललं, आणि फळ देठापासून अलगद सुटून त्याच्या हातात आलं. आम्ही दोघंही त्या हाताकडे बघत राहिलो.

"मलाही," तो म्हणाला. "पहिल्या मंगळवारपासून. तो स्क्रू मीच ढिला करून आणायचो."

"मला माहीत होतं. मीही तो कधी पूर्ण घट्ट केला नाही."

देठाचा निळा दोरा मी सोडवला. मास्तरचा चष्मा उतरवला, दांडीला दोरा गुंडाळला आणि दोन गाठी मारल्या. चष्म्याशिवाय तो डोळे बारीक करून विचारत होता की हे काय चाललंय.

"दोन गाठी," मी त्याचं बोट त्यावर ठेवलं. "म्हणजे दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

काकूंनी फळ चिरलं. या वेळी बिया वाडग्यात धुतल्या, फडक्यावर पसरल्या. मास्तरनं त्या मोजल्या, तीनशे बारा. जेवताना काकूंनी विचारलं की मी किती दिवसांसाठी जातेय. एक वर्ष, मी म्हटलं. टेबलाखाली मास्तरनं माझा हात घट्ट धरला.

काकू फडक्यावरच्या बिया बोटानं पसरत होत्या. आमच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. म्हणाल्या, "मागचं बी कच्चं होतं, म्हणून घाईनं मातीत घालावं लागलं. हे पिकलंय. एका वर्षात काही होत नाही त्याला."

मी गेले. वर्षभर काम शिकले, मन लावून शिकले. तिथं राहायचं का, असं त्यांनी विचारलं तेव्हा आभार मानून नको म्हटलं. मला कुणी बोलावलं म्हणून नाही, मलाच परत यायचं होतं म्हणून. परतीच्या प्रवासात मी मनातल्या मनात सगळ्यांचे आभार मानत होते. काकूंचे, त्यांच्या सासूबाईंचे, भर दुपारी जेवायला गेलेल्या मालकांचे, मास्तर ज्या खुर्चीत बसला त्या खुर्चीचे. त्या कोंबड्यांचेसुद्धा.

विमानतळाबाहेर ही गर्दी होती. मला तो कुठंच दिसला नाही. त्याला मात्र मी दिसले, कारण निळा स्कार्फ मी आठवणीनं घातला होता. समोर येऊन उभा राहिला तेव्हा त्याचा चष्मा नाकावर एका बाजूला पुरता कलला होता. दांडीवर निळा दोरा तसाच, दोन्ही गाठी जागच्या जागी.

"डॉक्टर," तो म्हणाला, "स्क्रू ढिला झालाय."

वर्षभर त्यानं तो दुसऱ्या कुणाकडून घट्ट करून घेतला नव्हता.